फेब्रुवारीत गच्चीवरच्या कुंड्या उन्हाळी भाज्यांसाठी कशा तयार करायच्या?

सगळ्यात आधी जुनी माती बघा. टोमॅटो-मिरची निघालेल्या कुंड्या उपड्या करा, ढेकळं फोडून माती चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा. फोडताना हुमणीची पांढरी, अर्धवट वेटोळं केलेली अळी दिसली तर लगेच वेचून काढा, ती मुळंच कुरतडते. मग दोन भाग मातीला एक भाग कुजलेलं शेणखत आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. ताजं शेण कृपा करून घालू नका, मुळं जळतात. भेंडीचं बी रात्रभर भिजवून थेट कुंडीतच टोचा. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं तिला सोसत नाही. गवार, काकडीही आत्ताच लावा. आणि वाळक्या पानांचा दोन बोटं थर वर पसरा, एप्रिलच्या उन्हात ओल टिकते.