लेक म्हणते गुटी नको, मग मी आजी कशाला?

प्रश्न: मी कोरेगावची, वय ५८. लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला आमच्याकडे आलीय, नात १९ दिवसांची आहे. मी माझी दोन पोरं वाढवली, जावेची तीन बाळंतपणं केली, पण लेक मला काही करूच देत नाही. गुटी नको, मध नको, पाणी नको, काजळ नको, धुरी नको, टाळू भरायची नाही. सगळं मोबाईलमध्ये बघून सांगते. पाजायचं पण ॲपमध्ये टाइम लावून. बाळ संध्याकाळी दोन-दोन तास रडतं, मी म्हटलं तुझं दूध पुरत नाही, वरचं दे, तर दोन दिवस बोलली नाही. परवा रात्री तीन वाजता ओट्यापाशी उभी राहून रडत होती, विचारलं तर काही नाही म्हणाली. मला काय नुसतं लाडू वळायला आणि लंगोट धुवायला ठेवलंय का?
– एक आजी

ताई,

गुटीचं, काजळाचं सगळं सांगते, पण आधी त्या रात्री तीन वाजताचं बोलू. बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे नाही थांबणार.

बाळंतीण पहिल्या आठवड्यात रडते, कारण असो नसो. शरीरातले हार्मोन्स एकदम खाली येतात, झोप नसते, टाके दुखत असतात, छाती भरून दगड झालेली असते. हे बहुतेकींचं दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. तुमच्या लेकीला १९ दिवस झालेत. एकदाच रडली असेल तर दमली असेल बिचारी, पण रोज रडत असेल, बाळ झोपलं तरी हिला झोप लागत नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, ‘मला नाही जमणार’ असं सारखं म्हणत असेल किंवा बाळाला घ्यावंसंच वाटत नसेल, तर तो आजार आहे ताई, आणि बरा होणारा आजार आहे. अंगावर पाजत असताना चालतात अशी औषधं पण असतात. ज्या डॉक्टरांनी बाळंतपण केलं त्यांना उद्याच फोन करा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस म्हणून फोनवरची सेवा आहे, १४४१६ नंबर, फुकट, रात्री-बेरात्री पण चालू, मराठीत बोलतात. आणि देव न करो पण स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचं काही वाकडं बोलली, तर तिला एक मिनिट एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोक काय म्हणतील वगैरे नंतर बघू.

आता ते वाक्य. ‘तुझं दूध पुरत नाही.’

मला हे ३४ वर्षांपूर्वी सासूबाईंनी म्हटलं होतं. चांगल्या मनानंच म्हटलं, त्यांचा जीव होता नातवावर. मी दीड महिन्यात डब्याचं दूध चालू केलं, मग पोरगं अंगावर कमी ओढायला लागलं, आणि जेवढं ओढलं जातं तेवढंच दूध तयार होतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात खरंच दूध आटलं आणि सगळे म्हणाले बघ, नव्हतंच पुरत. ते मला अजून लागतं. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, हे वाक्य त्या घरात परत कुणी बोलायचं नाही, मालीशवाल्या मावशींनी पण नाही आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी तर नाहीच.

दूध पुरतं का नाही ते रडण्यावरून कळतच नाही. ते कळतं लंगोटावरून, आणि लंगोट तर तुम्हीच धुताय! दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त लंगोट चांगले जड ओले होत असतील तर पोट भरतंय. दुसरं वजन. पहिल्या चार-पाच दिवसांत वजन थोडं उतरतं, दहा-चौदा दिवसांत परत जन्माच्या वजनावर येतं आणि तिथून पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. आशाताईंना सांगा वजन करायला. बाळ दवाखान्यात झालेलं असलं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी यायचं असतं, म्हणजे तुमच्याकडची २१ व्या दिवसाची भेट परवावर आलीय. मोजलेलं वजन लेकीला दाखवा, ती मोबाईलवर विश्वास ठेवणारी आहे ना, आकडा तिला पटेल.

आणि एक करा, ती पाजत असताना शेजारी बसून बाळाच्या तोंडाकडे नीट बघा. आधी भराभर चोखतं, मग पान्हा फुटला की चोखणं संथ होतं, जबडा खोल खाली जातो, कानापाशी हलकं हलतं, आणि खोली शांत असेल तर बारीक ‘क्क… क्क’ असा गिळल्याचा आवाज येतो. तो आवाज आला की लेकीला सांगा, ‘ऐक, गिळतेय बघ.’

संध्याकाळचं रडणं बहुतेक बाळांचं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढतं, दीड महिन्याच्या आसपास अगदी कळस, आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. त्या वेळात बाळं अर्ध्या-अर्ध्या तासानं पण प्यायला मागतात. आणि इथे ताई तुमचं बरोबर आहे, ॲपचं चूक आहे. एवढ्या लहान बाळाला घड्याळ लावायचं नाही, मागेल तेव्हा पाजायचं, २४ तासांत आठ ते बारा वेळा सहज होतं. बाळ मुठी तोंडाकडे न्यायला लागलं, मान फिरवून तोंड उघडून शोधायला लागलं की लगेच घ्यायचं, रडायची वाट बघायची नाही. रडून लाल झालेलं बाळ नीट पकडतच नाही आणि मग आईला वाटतं आपलं दूधच नको आहे.

गुटीचं मात्र लेकीचं बरोबर आहे. मला माहितीय हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. माझ्या धाकटीला आम्ही गुटी द्यायचो. सहाण गॅसमागे उभी केलेली असायची, तिच्यावर रोज तीच मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, बाळहिरडा, अंघोळ झाली की दोन-दोन वेढे उगाळायचे. एक दिवस सहाण उचलली तर मागे कालच्या उगाळ्याचा चिकट थर आणि त्याला मुंग्या. आम्ही वरवर नळाखाली धरून पदरानं पुसायचो तेवढंच. आठ दिवसांत पोरीला जुलाब लागले, सलाईन लावायला त्या एवढ्याशा हाताची शीर सापडेना, दोन ठिकाणी टोचलं. गुटीनंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही पण त्या दिवसानंतर मी सहाणेवर परत काही उगाळलं नाही. आणि गुटी दिली की बाळ शांत झोपतं म्हणतो ना आपण, ते जायफळाची गुंगी पण असू शकते, गुंगलेलं बाळ दूध कमी पितं. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी सुद्धा नाही, उन्हाळा असला तरी नाही. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, औषधं चालतात. मध तर वर्षाचं होईपर्यंत अजिबात नाही, त्यातल्या जंतूंनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

बाकीचं पटपट सांगते. काजळ डोळ्यात नाही, त्यात शिसं असू शकतं, दृष्टीची भीती वाटते तर तळपायाला तीट लावा, लेक नाही म्हणणार नाही. शेगडी आणि धुरी बंद, दार लावलेल्या खोलीत कोळशाचा वायू वास न येता चढतो आणि ओवा-वावडिंगाचा धूर त्या एवढ्याशा छातीला सोसत नाही. टाळूला हलका तेलाचा हात चालेल, पण ती तेलानं ‘भरत’ नाही, साधारण दीड वर्षाची होईपर्यंत आपली आपण भरते. मालीश करा की, जरूर करा, फक्त नाकात-कानात तेल सोडायचं नाही आणि बाळाची छाती पिळून चीक काढायचा नाही. मावशींना हे आधीच स्पष्ट सांगा, त्या सवयीनं करतात आणि मग तिथे गळू होतं. नाळ पडली असेल एव्हाना, बेंबी कोरडी ठेवायची, हळद-राख काही नाही. झोपवायचं पाठीवर. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा, हे तर चालूच ठेवा, पण लेकीला पोळी-भाजी, वरण-भात, फळं पण पोटभर मिळू देत, बाळंतीण म्हणून पथ्याच्या नावाखाली अर्धपोटी ठेवू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, मी कशाला. ताई, गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नव्वदच्या दशकात ३९ गावांत काम केलं. दवाखाना लांब, बाळं घरातच जायची. त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळ ऊबदार कसं ठेवायचं, श्वास कसे मोजायचे, आजार कसा ओळखायचा. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आशाताई आज घरी येतात त्याचं मूळ तिथेच आहे. त्या बायका तुमच्या-माझ्यासारख्याच होत्या. अनुभवी नजर पाहिजेच असते, फक्त काय बघायचं ते नव्यानं शिकायला लागतं.

तर तुम्ही हे बघा: बाळ प्यायचं सोडतंय का, ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त आहे का, अंग गार पडलंय का, शांत असताना मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास होतात का, बरगड्यांखाली खड्डा पडतो का, पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत गेलाय का, शी पांढरट होते का, बेंबीतून पू येतो का. यातलं एक जरी दिसलं तरी घरगुती काही न करता तडक डॉक्टर. आणि डोळ्यांचा, अंगाचा पिवळेपणा थोडाफार जरी अजून राहिला असेल तरी दाखवून घ्या, दोन आठवडे उलटलेत.

आणि रात्री. पाजायचं काम तिचं, पण पाजून झाल्यावर ढेकर काढायचं, लंगोट बदलायचं, झोपवायचं ही कामं तुमची. जावईबापूंना पण सांगा, शनिवार-रविवार येतात तेव्हा नुसतं फोटो काढून जायचं नाही, एक रात्र त्यांनी जागायची. तिला सलग चार तास झोप मिळाली तर निम्मं काम झालं.

संध्याकाळी रडायची वेळ झाली की लेकीनं पाजून झाल्यावर बाळ तुमच्याकडे मागून घ्या. खुर्चीत टेकून बसा, बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं, पदर बाजूला करून तिला तुमच्या छातीशी उघड्या अंगाला लावा, वरून तुमची मऊ झालेली जुनी साडी पांघरा. नाक-तोंड मोकळं राहतंय ना ते बघायचं आणि डुलकी येते वाटलं की बाळ खाली ठेवायचं. आईनंच घ्यायला पाहिजे असं नाही, आजीनं घेतलं तरी ऊब तीच. लेकीला म्हणा, तू जा पड जरा, ही माझ्याकडे आहे.

वजन किती भरलं ते मला कळवा, आणि लेक कशी आहे ते आधी कळवा.