नाव कमी करू नकोस

चिरंजीव बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण पहिले लिहिलेले उत्तर मला फाडून टाकावे लागले. त्यात मी माझ्याच कारकिर्दीची कैफियत मांडत बसलो होतो. या पत्रातही ती थोडी डोकावेल, तेवढी तू सोसून घे.

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहिण्याचे काम तुझ्यासारख्या नव्या शिक्षण सेविकेच्या गळ्यात पडले, याचे मला नवल वाटले नाही. शाळेत जे काम कोणालाच नको असते, ते सगळ्यांत धाकट्याकडे जाते. तू पाठवलेला आराखडा मी दोनदा वाचला: स्थापना, इमारत, मुख्याध्यापकांची नामावली, दहावीचे निकाल, गुणवंत माजी विद्यार्थी, देणगीदार. त्याखाली पेन्सिलीने तू एक ओळ लिहिली आहेस, की हे सगळे लिहून झाले तरी ही आपली सातपुड्यातली शाळा वाटत नाही, कोणतीही शाळा वाटते. त्या ओळीसाठी हे पत्र लिहितो आहे.

तुझ्या आराखड्यात फक्त शेवटपर्यंत पोहोचलेली माणसे आहेत. आपल्या शाळेत पाचवीला दाखल झालेल्यांपैकी दहावीच्या बाकावर किती जण बसत होते, हे तू स्वतः शिकताना पाहिले आहेस. उरलेले कुठे गेले, ते जनरल रजिस्टरच्या शेवटच्या दोन रकान्यांत लिहिलेले आहे: ‘शाळा सोडण्याचे कारण’ आणि ‘शेरा’. तिथे पानामागून पान एकच मजकूर आढळेल, ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’. शाळेने ज्यांचे नाव एकदा कमी केले, त्यांचे नाव तुझ्या स्मरणिकेने दुसऱ्यांदा कमी करू नये, एवढेच माझे सांगणे आहे. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

इतिहासाचा सांगाडा मिळवणे फारसे अवघड नाही. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचा पत्रव्यवहार धुळ्याच्या जिल्हा परिषदेत शोधावा लागेल. जिल्हा परिषदाही १ मे १९६२ पासूनच्या. त्यापूर्वीच्या मराठी शाळांचे कागद पश्चिम खानदेशच्या लोकल बोर्डाच्या काळातले असतात. ते पिवळे पडले असले तरी त्यांना फार मोल आहे. अनुसूचित जमातीच्या जातपडताळणीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा हवा म्हणून माणसे आजोबांचे नाव शोधत मराठी शाळेच्या रजिस्टरापर्यंत येतात आणि त्यापुढची कडी आपल्या रजिस्टरात सापडते का, ते पाहतात. पन्नास वर्षांत आपल्या कपाटातले सर्वांत जास्त वाचले गेलेले पुस्तक हेच असावे. ग्रंथालयातल्या पुस्तकांना तो मान मिळाला नाही. त्यात निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून आहे, हे पाहून हसू नकोस. आईबापांना पाऊस आठवत होता, होळी आठवत होती. तारीख गुरुजींना हवी होती, म्हणून ती गुरुजींनी घातली. जुन्या पानांवर आईच्या नावाचा रकानाच नाही. तोही एक इतिहास आहे. त्याला एक परिच्छेद दे.

आता तू जे विचारलेस त्याकडे येतो. तुझे वडील या शाळेत दोन वर्षे होते असे सांगतात, पण माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्यांचे नाव नाही, आणि ते विचारणे तुला संकोचाचे वाटते. संकोच कसला? त्यांचे नाव तिसऱ्या रजिस्टरमध्ये आहे. प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली, इयत्ता सहावी, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘नाव कमी केले’. ते अक्षर माझे आहे.

मी तेव्हा वर्गशिक्षक होतो. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून गुजरातेत ऊसतोडीला जात आणि होळीच्या सुमारास परत येत. मधल्या महिन्यांत हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणांची रांग लागे. तपासणीला येणारे साहेब सरासरी उपस्थिती विचारीत. ती सुधारायला दोन मार्ग होते: मुले आणणे किंवा नावे काढणे. पहिल्या मार्गात डोंगर उतरून, मुकादमाचा पत्ता काढून, उसाच्या फडापर्यंत जावे लागले असते. दुसऱ्याला एक लाल पेन पुरत असे. मी पेन वापरले. तुझ्या वडिलांचेच नव्हे, त्या वर्षी एकाच दुपारी मी अनेक नावे कमी केली आणि त्या दुपारी आपण नियमाने वागलो याचे मला समाधानही वाटले होते.

तू म्हणशील, सर, दुसरे काय करता आले असते? हा प्रश्न मी स्वतःला तुझ्यापेक्षा जास्त वेळा विचारला आहे. तेव्हा हंगामी वसतिगृहे नव्हती, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड नव्हते. दाखल झालेल्या मुलाला आठवी पूर्ण होईपर्यंत काढून टाकता येणार नाही, असे सांगणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. तोपर्यंत माझे केस पिकले होते. शिवाय नाव पटावर ठेवून खोटी हजेरी लावणारेही होतेच. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत राज्यभर काय निघाले ते सर्वांनी पाहिले. मी तसले पाप केले नाही. पण नाव पटावर ठेवून त्यापुढे खरी गैरहजेरी मांडणे हा तिसरा मार्ग होता. त्याने सरासरी घसरली असती, मला साहेबांची बोलणी खावी लागली असती, एवढेच. मी बोलणी वाचवली. बघ, पुन्हा कैफियत सुरू झाली.

सामूहिक जीवनाबद्दल लिहिताना तू स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा एवढ्यावर थांबली आहेस. अगं, शाळेचे वर्ष आपल्याकडे जूनला सुरू होत असे ते कागदावर. खरे वर्ष होळीभोवती फिरत होते. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार आला की वर्ग ओस पडत. काठी गावच्या होळीला रात्रभर ढोल वाजून पहाटे होळी पेटली की त्यानंतर दोन दिवस शिकवण्याचा आग्रह धरणारा शिक्षक मूर्ख ठरे, आणि तो मूर्खपणा मी पहिली चार वर्षे इमानाने केला. दहावीची परीक्षाही तेव्हा मार्चमध्येच असे. एक मुलगा होळीत नवस फेडण्यासाठी बावा बनला होता. पाळणी, म्हणजे व्रताचे नियम, असल्यामुळे अंघोळ करायची नाही, अंगावर राखेचे पट्टे तसेच ठेवायचे. सराव परीक्षेला तो तसाच आला, तेव्हा मी त्याला हातपाय धुऊन ये म्हणून दारातून परत पाठवले. तो आला नाही. वार्षिक परीक्षेलाही आला नाही. स्मरणिकेत होळीच्या घेर नृत्याचा रंगीत फोटो छापणार असाल, तर त्या फोटोशेजारी हाही प्रसंग छाप. मुख्याध्यापकांना सांग, मी लेखी परवानगी दिली आहे.

आणि भाषा. मी तापीकाठचा, घरी अहिराणी. पुण्यात बी.एड. करताना तोंडातून ‘मना’, ‘तुना’ निघाले की वर्ग हसत असे, आणि मी रात्री खोलीवर रडत असे. तोच मी इथे आलो आणि वर्गात पावरी, म्हणजे पावरा आदिवासी मुलांची घरची भाषा, बोलणाऱ्याला पाच पैसे दंड ठेवला. हे मी कोणत्या तोंडाने केले, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. दंडाची वही ठेवलेली नाही, म्हणून ते कागदोपत्री सिद्ध होणार नाही. माझ्या या पत्रावरून लिही.

कुडाच्या भिंतींची पहिली खोली कोणी उभी केली, बांबू कोणत्या पाड्याने वाहून आणला, हे देणगीदारांच्या यादीत येणार नाही, कारण त्याची पावती फाडली नव्हती. तेथेही तोच नियम: नाव कमी करू नकोस. ज्या मुलींचे नाव आठवीनंतर लग्नामुळे गेले, त्यांची सासरची गावे शोध. स्मरणिकेची पाने मर्यादित आहेत, ही अडचण मला लिहू नकोस. अध्यक्षांचे पूर्ण पानाचे छायाचित्र अर्ध्या पानावर आण, पाने निघतील. समितीतले कोणी ‘अपयशाच्या याद्या कशाला?’ म्हणाले, तर भांडू नकोस; रजिस्टर उघडून त्यांच्या भावकीतले एक नाव दाखव. त्या डोंगरावर असे घर नाही, ज्यातले एकही नाव त्या रकान्यात नाही.

मी चिडून लिहितो आहे, ते तुझ्यावर नाही. तुझ्या वडिलांनी, स्वतःची शाळा अर्ध्यावर सुटली असताना, तुला शाळेत घातले, बी.एड.पर्यंत पोहोचवले, आणि ते स्वतः त्या शाळेच्या यादीत नाहीत, हे मला रात्री जेवताना आठवते.

रजिस्टर कार्यालयातल्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात असेल. तिसऱ्याची शिवण उसवली आहे. मी ती पोत्याच्या सुतळीने शिवली होती, ती ओढू नकोस. झेरॉक्ससाठी ते शहाद्याला नेऊ नकोस, पाने काचेवर दाबली की तुटतील. मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढ. सुरुवात पहिल्या नोंदीपासून कर. एका बाजूला दाखल झालेल्यांची बेरीज, दुसऱ्या बाजूला दहावी झालेल्यांची. दोन्ही आकडे मला पत्राने कळव, फोनवर नको. आणि पाड्यांवर जायचे ते दिवाळीच्या आत जा. नंतर ट्रक भरू लागले की माणसे भेटणार नाहीत, आणि तुझे वडीलही या वर्षी जाणार आहेत असे तूच लिहिले आहेस.

तुझा,
जुना वर्गशिक्षक