खाऱ्या पाण्यात पडलेले रीळ

प्रश्न : मलप्रभेत गळ टाकण्याची आमची सवय जुनी असली, तरी समुद्रावर आम्ही क्वचितच जातो. गेल्या रविवारी आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला गेलो असताना कठड्याला टेकवून ठेवलेला रॉड माशाच्या हिसक्याने रिळासकट पाण्यात गेला आणि दोन तासांनी, ओहोटी लागल्यावर, एका खलाशाने तो काढून दिला. घरी आल्यावर रीळ पुसून दोन दिवस उन्हात ठेवले. आता दांडी फिरवली की वाळू दळल्यासारखी करकर ऐकू येते. एक मित्र ते रॉकेलमध्ये बुडवायला सांगतो, तर दुसरा तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायला. रीळ वाचेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपण रीळ उन्हात वाळवलेत, तिथेच चूक झाली, मात्र तेवढ्याने ते हातचे गेले असे समजू नका. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मात्र दातेरी चाकांच्या खाचांत आणि बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये खडे होऊन बसतात, आणि आपण ऐकता ती करकर बहुधा त्यांचीच आहे. शिवाय पावसाळ्यात मिठाच्या बरणीला जसे पाणी सुटते, तसाच रिळातला हा क्षार हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि त्या ओलाव्यात एकमेकांना टेकलेल्या पोलाद, पितळ व ॲल्युमिनियम यांपैकी ॲल्युमिनियम सर्वांत आधी खाल्ले जाते. ज्यावर तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, गुंडाळलेला असतो त्या स्पूलच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, तर ती त्याचीच खूण समजावी. तांदूळ ओलावा शोषतील, पण मीठ काढणार नाहीत. आणि रॉकेलमध्ये ग्रीस विरघळते, मीठ विरघळत नाही.

म्हणून पहिले काम उलटे वाटले तरी तेच करा : वाळलेले रीळ पुन्हा भिजवा. तत्पूर्वी दांडी फिरवून पाहण्याचा मोह आवरा, कारण प्रत्येक फेऱ्यात ते खडे चाकांचे दाते घासत असतात. स्पूल काढून दोन्ही भाग साध्या पाण्याच्या बादलीत दोन-तीन तास ठेवा आणि मधून पाणी बदला. पाणी कोमट चालेल, कढत नको. पाइपची जोरदार धारही नको, कारण बाहेरचे मीठ ती आत ढकलते. आपल्याकडे बोअरचे पाणी असेल, तर शेवटचा हात नदीच्या किंवा पावसाच्या पाण्याचा द्यावा.

त्यानंतर रीळ उघडावेच लागेल. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा आणि निघालेले भाग अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवत जा. पातळ वॉशर एकमेकांना चिकटून येतात आणि त्यातला एक हरवला, की मग बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या लेथवाल्याच्या विनवण्या कराव्या लागतात. काही रिळांत दांडीचा किंवा रोटरचा, म्हणजे स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाचा, पेच उलट्या आट्यांचा असतो, तेव्हा तो निघत नाही म्हणून बळ लावण्यापूर्वी दुसऱ्या दिशेने फिरवून पाहा. जुने ग्रीस मिठाने पिठूळ झालेले असते, ते पूर्ण काढून टाका. या कामी धातूच्या चाकांना रॉकेल चालेल, प्लॅस्टिकच्या आणि रबरी भागांना मात्र लावू नये.

बेअरिंग पाण्यात, मग स्पिरिटमध्ये खळबळून पूर्ण सुकू द्या आणि बोटावर फिरवून पाहा. तरीही अडखळत असेल, तर ते बदलणेच शहाणपणाचे. फिरत असेल, तर शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरेत. चाकांना ग्रीस, बेअरिंगला तेल, आणि दांडी उलट फिरू न देणाऱ्या क्लचला तेलाचा जेमतेम स्पर्श. तिथे ग्रीस लावले, तर ऐन मासा लागल्यावर दांडी मागे घसरते. ज्या छोट्या चाकावरून तंगूस वळतो, ते लाइन रोलर सर्वांत आधी जाम होते आणि सर्वांत शेवटी आठवते.

तंगूसही पूर्ण उतरवा. त्याच्या वेढ्यांखाली अडकलेले खारे पाणी दिसत नाही, पण स्पूल आतून पोखरते. ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढू लागला की तंगूस आवरत सोडणाऱ्या ब्रेकच्या, चकत्या धुऊन सुकवल्यावर त्या फेल्टच्या असतील, तर ड्रॅगसाठीचेच ग्रीस लावावे.

प्रश्न : समुद्रात पडलेले रीळ घरी परत येईपर्यंत न उघडता किती वेळ चालेल? आमच्याकडे समुद्राजवळ रीळ उघडण्याची सोय नसते.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ओले राहिले, तर संध्याकाळपर्यंत चालते, वाळले, तर लगेच नुकसान सुरू होते. गाडीत साध्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि झाकणाची बादली असू द्या. पडलेले रीळ किनाऱ्यावरच दोन पाण्यांनी धुऊन बादलीत बुडवा आणि घाट चढून घरी पोहोचेपर्यंत तसेच बुडालेले राहू द्या. गाडीत थोडे पाणी सांडेल.