एम.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर नोकरीसाठी एकटीने अंकलेश्वरला जावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू धुळ्याची, ऑरगॅनिकमध्ये एम.एस्सी. झालीस, गुजरातेतल्या अंकलेश्वरच्या एका औषधी कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात, निवड झाली आहे, घरचे म्हणतात बी.एड. कर. आणि तुला पगार, राहणं, भाषा, सुरक्षितता यांबद्दल विचारायचं आहे.

जा. ओळख नसताना तुला 'तू' म्हणते आहे, राग मानू नकोस, पण हा प्रश्न वाचून मला गप्प बसवेना.

मी पारोळा तालुक्यातली. २०१४ ला एम.एस्सी. झाले तेव्हा आमच्या घरात हीच चर्चा ओट्यावर बसून झाली होती. आमच्याकडे शेवटचा शब्द नानांचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा. ते निवृत्त मुख्याध्यापक. गावातले लोक पोरांच्या ॲडमिशनचं त्यांना विचारून ठरवतात, आणि माझी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची फी त्यांनीच भरलेली. त्यामुळे त्यांच्यापुढे बोलणं सोपं नव्हतं. ते म्हणाले, "बी.एड. करून टाक. संस्थेत मी शब्द टाकतो. पोरीच्या जातीला मास्तरकीसारखी नोकरी नाही."

तेव्हा राज्यात शिक्षकभरती मे २०१२ पासून बंद होती. हे नानांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, सारं आयुष्य त्याच खात्यात गेलेलं. भरती आज ना उद्या उघडेल, असं ते म्हणत. शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आलं २०१७ ला आणि त्यातून नेमणुका मिळाल्या २०१९ ला. म्हणजे तेव्हा बी.एड. केलं असतं, तर डिग्री हातात घेऊन मी चार वर्षं घरी बसले असते. बरं, लागलं तरी आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. ज्युनियर कॉलेजच्या शिक्षण सेवकाला त्या काळात महिन्याला ९,००० मानधन होतं. ते २०,००० झालं २०२३ मध्ये. आणि 'शब्द टाकतो' याचा अर्थ आपल्याकडे काय होतो, किती लाखांत होतो, हे खान्देशातल्या मुलीला समजावून सांगायची गरज नाही. माझ्या वडिलांची साडेचार एकर कोरडवाहू कपाशी. तो आकडा आमच्या घरात कुठून निघणार होता?

शिकवण्याची ज्यांना मनापासून ओढ आहे त्यांनी जरूर बी.एड. करावं. मला ती ओढ नव्हती. मला प्रयोगशाळेत उभं राहायचं होतं.

अंकलेश्वरला नोकरी लागली, पण नाना सोबत येणार नाहीत म्हटल्यावर वडीलही कचरले. शेवटी खोली बघायला माझ्यासोबत आई आली. आई सातवी शिकलेली, नवापूरच्या पुढे कधी गेलेली नाही. अमळनेरहून सुरतेची गाडी धरली. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथे गाडी थांबली तेव्हा आईने खिडकीतून दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं. सुरतेला गाडी बदलून अंकलेश्वर.

राजपीपळा चोकडी, वालिया चोकडी, जीआयडीसीतल्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, सोसायट्या, सगळीकडे एकच उत्तर मिळालं: "एकली छोकरीने रूम नथी आपता." मुलांना मिळत होती, चौघाचौघांना मिळून. काहींनी आडनाव विचारलं, काहींनी मटण खाता का ते विचारलं. एका ठिकाणी तर दारातूनच परत पाठवलं. मला रडू यायच्या बेताला आलं होतं. आई मात्र दर नव्या दाराशी त्याच आवाजात बोलायची.

दुपारी आम्ही नर्मदा ओलांडून भरूचला गेलो. झाडेश्वर भागात एका घराची वरची खोली रिकामी असल्याचं कळलं होतं. दार उघडलं ते साठीच्या एका बाईंनी. त्यांचंही तेच: एकट्या मुलीला नाही. त्यावर आई अहिराणीत म्हणाली, "मनी पोर एकली नही शे. तिना मांगे आम्ही शेतस."

त्या बाईंना ते कळलं. आईला त्यांचं गुजराती कळत होतंच, अहिराणी तशी गुजरातीला लागूनच आहे. मी एम.एस्सी. झालेली पोर हिंदीत अडखळत होते आणि या दोघी पायरीवर बसून कापसावर बोलायला लागल्या. त्यांचं माहेर जंबुसरकडचं, त्या काळ्या मातीतही कापूस आणि तूरच. वेचणीला मजूर मिळत नाही, बियाण्याचं पाकीट महागलं, व्यापारी मापात मारतो, असं सगळं झालं. चहा आला. मग त्या बाईंनी, पुढे मी त्यांना मासी म्हणायला लागले, अटी सांगितल्या: घरात मांसमच्छी नाही, ड्यूटी नसेल तर नऊच्या आत घरी. आईने ऐकून घेतलं आणि आपल्याही दोन अटी सांगितल्या. खोलीला आतून भक्कम कडी हवी, आणि पोर आजारी पडली तर आधी घरी फोन करायचा. मासी हसल्या आणि किल्ली आणायला आत गेल्या. लग्न होईपर्यंत मी त्याच खोलीत राहिले. पहिल्या हिवाळ्यात मी तापाने पडले तेव्हा आईला फोन माझ्याआधी मासींनीच केला होता.

हे एवढं लांबवलं, कारण 'सुरक्षित आहे का' हे तू गावाबद्दल विचारते आहेस. कोणत्याही गावात ते आपण राहतो त्या घरावर आणि घरमालकावर ठरतं. जॉइनिंगच्या आदल्या दिवशी बॅग घेऊन जाऊ नकोस. आधी जा, घरातल्या कुणाला तरी सोबत ने, घरमालकाकडे बाई आहे का बघ, आणि तिच्याशी आपल्या सोबतच्या माणसाला बोलू दे. घरचं कुणी मोठं सोबत दिसलं की तिथे दारं उघडतात. हे मला पटत नाही, पण आहे ते असं आहे.

आता कामाचं. पहिल्या नोकरीत गाव बघू नकोस, हाताला कोणतं यंत्र लागणार ते बघ. कॉलेजात आम्ही एचपीएलसी, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, काचेपलीकडून पाहिली होती. कंपनीत पहिले काही महिने ओलावा, राख, टायट्रेशन, कार्ल फिशर (पाण्याचं प्रमाण मोजायची पद्धत) यांतच गेले. मग जीसीवर, म्हणजे वायुरूपात घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, रेसिड्युअल सॉल्व्हंट (औषधात उरलेले द्रावक), मग एचपीएलसी. कॅलिब्रेशन कशाला म्हणतात, रिझल्ट लिमिटबाहेर गेला की तो झाकायचा नसतो, तपासायचा असतो, ऑडिटर समोर बसला की कागद कसा बोलतो, हे मी तिथे शिकले. आज मी एका क्यूसी लॅबचा एक विभाग सांभाळते. पुण्यात खोली घेऊन 'चांगली संधी आली की बघू' म्हणत बसलेले माझ्याच बॅचचे काही जण दोन वर्षांनी याच पट्ट्यात आले, आणि फ्रेशर म्हणूनच आले. अंकलेश्वर, पानोली, झगडिया, दहेज ही चारही ठिकाणं भरूच जिल्ह्यात एकमेकांना धरून आहेत. एकीकडे नाही जमलं तर घर न बदलता दुसरीकडे जाता येतं. औषधं आणि रसायनांच्या माणसाला ही सोय फार थोड्या ठिकाणी मिळते.

भाषेची चिंता सोड. गुजराती लिपी देवनागरीवरची रेघ काढल्यासारखी दिसते, बसच्या पाट्या वाचता वाचता जमते. लॅबमध्ये हिंदीच चालते. आणि सुरत जवळ आहे. तिथे उधना-लिंबायत भागात अर्धा खान्देश राहतो. तो भाग ज्या नवसारी मतदारसंघात येतो तिथले खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातलेच. कळण्याची भाकरी खावीशी वाटली तर रविवारी जाता येईल. डाळ मात्र गोडच मिळेल, मसाला घरून ने.

नानांचा दुसरा मुद्दा होता की बाहेर गेलेली पोर घरापासून तुटते. दिवाळीला गेले की पाहुण्यांसमोर हे ते अजून बोलतात. आमच्या शेतातलं ठिबक माझ्या पगारातून आलं. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सुरतेला झालं तेव्हा सगळे माझ्याकडे राहिले, स्वतः नानासुद्धा. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला गेला त्यात माझाही हात आहे. घरी राहिले असते तर यातलं कोणतं झालं असतं, हे त्यांनी मला एकदा सांगावं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि राहील, त्यांनी फी भरली नसती तर मी इथवर आलेच नसते. पण या बाबतीत ते चुकले होते आणि आजही चुकतात. त्यांची नात यंदा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिलाही बी.एड.चाच सल्ला चालू आहे. तिच्या आईला मी स्पष्ट सांगितलंय: पोरीला माझ्याकडे पाठवा, खोलीही शोधायला नको.

काही गोष्टी लिहायच्या राहिल्या, त्याही वाच.

तुला दमा असेल किंवा धुराने त्रास होत असेल, तर हे गाव नको. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या औद्योगिक वसाहतींचं प्रदूषण मोजलं, तेव्हा सगळ्यांत वरचा क्रमांक अंकलेश्वरचा होता, दुसरा वापीचा. आपलं चंद्रपूर चौथं. हिवाळ्यात रात्री वास जाणवतो. म्हणून मी भरूचच्या बाजूला राहायला सांगते. पूर्वी पुलावर तासन्‌तास अडकायला व्हायचं, आता २०१७ चा नवा हायवेचा पूल आणि २०२१ चा नर्मदा मैया पूल झाल्यापासून तो त्रास पुष्कळ कमी झालाय. कंपनीची बस तुझ्या भागापर्यंत येते का, ते विचार. पहिल्या दिवशी प्लँटमध्ये वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आणि असेंब्ली पॉइंट कुठे आहे ते स्वतः बघून घे. गळती झाली तर वाऱ्याला आडवं निघायचं असतं.

घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल आणि बघणारी तू एकटीच असशील, तर माझं 'जा' तुझ्यासाठी नाही.

पगाराचा आकडा मी सांगत नाही. माझा सुरुवातीचा हातात येणारा पगार बारा हजारांच्या आत होता, पण ती दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तुझ्याच कॉलेजच्या गेल्या दोन बॅचच्या मुलांना विचार, ते खरं सांगतील. आकड्याआधी एक गोष्ट विचारून घे: नेमणूक कंपनीच्या रोलवर आहे की कॉन्ट्रॅक्टरच्या? क्यूसीत दोन्ही प्रकार चालतात आणि दोघी एकाच टेबलावर एकच काम करत असतात. कॉन्ट्रॅक्टवर असेल तर पीएफ कापला जातो का, आणि अनुभवाचं पत्र कुणाच्या लेटरहेडवर मिळणार, हे लेखी घे. बाँड असेल तर वडिलांना वाचायला लाव. मूळ मार्कशीट आणि डिग्री कुणाकडेही ठेवायला देऊ नकोस, कुणी मागितली तर झेरॉक्स दे आणि मूळ कागद समोर दाखवून परत घे.