जुन्या चिऱ्याच्या घरावर मजला चढवायचा का?

प्रश्न : चिपळूणजवळ आमचं आजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं कौलारू घर आहे, आता धाकटे दीर-जाऊ पण राहायला येतायत म्हणून दोन खोल्या वाढवायच्यात. गवंडी म्हणतो कौलं काढून स्लॅब टाकू, वर मजला घेऊ, आर्किटेक्टला कशाला पैसे देता. काय करू?

उत्तर : ताई, आधी त्या गवंड्याला थांबवा. तुमच्या घरात कॉलम नसणार, सगळं वजन भिंतीच पेलतायत आणि जुन्या बांधकामात चिऱ्यांच्या सांध्यात बऱ्याचदा नुसती मातीच असते. एखाद्या सांध्यात खिळा टोचून बघा, लाल भुसभुशीत माती सुटून आली तर वर स्लॅबचं नावही काढू नका.

मागच्या अंगाला वाढवा. नव्या खोल्यांना स्वतःचा पाया, स्वतःचे कॉलम, आणि जुन्या-नव्या भिंतीत इंचभर सांधा मोकळा ठेवायचा, कारण नवा पाया थोडा बसतोच आणि चिकटवून बांधलं की बरोब्बर तिथेच तडा जातो. कौलांचं पाणी नव्या भिंतीवर पडतं ती जागा मला सगळ्यात धोक्याची वाटते, तिथे रुंद पन्हळ हवीच, कोकणातला पाऊस आहे हा. आणि मागे खोल्या आल्या की माजघर काळोखं होतं, म्हणून मध्ये छोटा चौक सोडता येतो का ते आर्किटेक्टला विचारा.

जोत्याची उंची 2021 च्या जुलैतल्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ते बघूनच ठरवा. आर्किटेक्टचा काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा (आर्किटेक्टांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी नंबर मात्र आधी मागून घ्या.