डिस्कचा पोटहिस्सा आणि मधला 'पी'

नाशिकच्या एका सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा प्रश्न: स्क्रिप्टमधले संदेश मराठीत लिहायचे आहेत, तर 'पार्टिशन'ला (डिस्कचा वेगळा पाडलेला तुकडा) विभाजन म्हणावं, फाळणी की खंड? आणि काही डिस्कांच्या नावात आकड्याआधी येणारा 'पी' नवख्याला कसा समजावावा?

फाळणी बाद. १९०५ची बंगालची आणि १९४७ची देशाची, या दोन फाळण्यांनी तो शब्द अडवून ठेवलाय. विभाजन ही क्रिया. इंग्रजीत क्रियेला आणि तिच्यातून निघालेल्या तुकड्याला एकच शब्द चालतो, मराठीत 'विभाजन भरले' वाचून नेमकं काय भरलं ते कळत नाही. विभाग म्हटलं की नाशिककराला आयुक्तालय आणि पाच जिल्हे आठवणार. खंड चांगला, पण तो व्हॉल्यूमसाठी राखून ठेवा. एलव्हीएम (हिस्से एकत्र करून त्यातून व्हॉल्यूम नावाचे साठे पाडणारी लिनक्सची सोय) आलं की दोन्ही एकाच ओळीत लागतात.

सातबाऱ्यावरचा 'हिस्सा' इथे चपखल बसतो. क्रियेला 'हिस्से पाडणे'.

'पी'चं कोडंही तिथेच सुटतं. दिंडोरी-निफाडकडे गट १२४चा दुसरा हिस्सा १२४/२ असा लिहितात. तिरकी रेघ गाळली तर तो १२४२ नंबरचा भलताच गट होईल. लिनक्समध्ये डिस्कचं नाव अक्षराने संपलं तर हिस्स्याचा आकडा थेट चिकटतो: 'एसडीए'चा पहिला हिस्सा 'एसडीए१'. नाव आकड्याने संपलं तर मध्ये पी येतो: 'एनव्हीएमई०एन१'चा पहिला हिस्सा 'एनव्हीएमई०एन१पी१'. 'एमएमसीबीएलके०पी१', 'लूप०पी१' त्याच घरातले. (पी म्हणजे पोटहिस्सा असं सांगून टाका, लक्षात राहतं.)

जुन्या स्क्रिप्ट इथेच घसरतात. डिस्कच्या नावापुढे नुसता १ जोडला तर 'एनव्हीएमई०एन११' होतं, म्हणजे अकरावी नेमस्पेस (एनव्हीएमई डिस्कमधला स्वतंत्र साठा). उलट, हिस्स्यावरून डिस्क काढायला शेवटचे आकडे छाटले तर 'एनव्हीएमई०एन१पी' उरतं, आणि असं उपकरणच नसतं. म्हणून जोडताना शेवटचं अक्षर आकडा आहे का ते तपासा. छाटणी तर करूच नका. 'एलएसबीएलके' या डिस्कांची यादी देणाऱ्या आज्ञेला 'पीकेनेम' (मूळ डिस्कचं नाव) रकाना मागा, सोबत 'डी' पर्याय द्या, नाहीतर हिस्स्यावर बसलेल्या एलव्हीएमच्या ओळीही उत्तरात येतात.

'एसडीए', 'एसडीबी' ही नावं मशीन पुन्हा चालू केल्यावर अदलाबदल होऊ शकतात. माउंटच्या नोंदीत (कोणता हिस्सा कुठे जोडायचा ते सांगणाऱ्या) यूयूआयडीच हवा, म्हणजे नाव बदललं तरी न बदलणारा ओळखक्रमांक.

राहिलं व्याकरण. हिस्सा, हिस्से, हिस्स्यावर, हिस्स्यात. पण चलाला (व्हेरिएबल, इथे डिस्कचं नाव) विभक्ती कधी लावू नका. 'एसडीए१वर जागा नाही' हा संदेश कुणी कॉपी केला तर 'वर'सुद्धा आज्ञेत जातो. 'जागा संपली, हिस्सा: एसडीए१' असं लिहा, नाव शेवटी, सुटं, त्यापुढे पूर्णविरामही नको.