चिऊताई दार उघडेनाशी झाली तेव्हा

"मुलगी सातवीत गेली आणि आमच्यातली गंमतच संपली." ही तक्रार माझ्याकडे सतत येते. कुणाचं जेवताना एकमेकांचा घास पळवणं बंद झालेलं असतं, कुणाचं झोपताना उलटसुलट गोष्ट सांगणं. आतली भीती एकच: आम्ही तिला नकोसे झालो का? त्यातल्याच एका घराबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

या घरातला खेळ चिऊ-काऊच्या गोष्टीतून आला होता. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिमणीच्या मेणाच्या घरापाशी येतो आणि ती त्याला ताटकळत ठेवते. बाबा संध्याकाळी आले की बेल न वाजवता दारावर टकटक करत. "चिऊताई, चिऊताई, दार उघड!" आतून चार वर्षांची चिमणी ओरडे, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." मग अंगडं, मग तीट. मोठी झाली तशा सबबीही मोठ्या झाल्या: "थांब, बाळाचं आधार कार्ड काढते." तीन सबबी झाल्या की कडी निघायची. सातवीत एके दिवशी तिने न बोलता दार उघडलं आणि सरळ खोलीत गेली.

बाबांनी मग जोर वाढवला. बहुतेक पालक हेच करतात. आवाज चढवला, मैत्रिणींसमोरही हाक मारली, तिचा लहानपणचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

मुलीशी बोलताना पहिल्या भेटींत मी हा विषय काढलाच नाही. नंतर विचारलं, "बाबा दारावर टकटक करतात तेव्हा काय होतं?"

"लिफ्टपाशी लोक असतात. आणि मावशी फोनवर मला तेच म्हणायला लावते."

"कुणीच नसेल तर?"

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "दर वेळी मीच का चिमणी? आता क्लासच्या दिवशी मी आठला येते. बाबा आधीच घरी असतात."

त्या उत्तराने माझ्यासाठी सगळं उलगडलं. लहान मुलाच्या हातात दिवसभरात फार थोडं असतं. कधी उठायचं, ताटात कुठली भाजी पडणार, सगळं मोठे ठरवतात. या खेळात मात्र कडी तिच्या हातात होती आणि घरातला सगळ्यात मोठा माणूस बाहेर विनवण्या करत होता. तिचं हसू तिथून येत होतं. आता तिला स्वतःच्या खोलीचं दार आहे, मोबाइलचा पासवर्ड आहे. चिमणी होण्यात तिला काही मिळत नव्हतं, तरी बाबा तिला चिमणीच ठेवत होते. मुलाला नियम बदलता आले तरच प्रथा टिकते, हे मी ठामपणे मानते.

बाबांना सांगितलं, दोन आठवडे खेळ पूर्ण बंद. आठवणही काढायची नाही. नंतर एकदाच विचारायचं, तेही स्कूटरवर किंवा चालताना, कारण समोरासमोर बसून विचारलं की मुलांना चौकशी वाटते. त्यांनी विचारलं, "तुला काऊ व्हायचंय का?" उत्तर आलं, "बघू." 'बघू'वर पुढे काहीही बोलायचं नसतं, आणि ते बोलले नाहीत.

काही दिवसांनी रात्री आठला दारावर टकटक झाली. बाबा आतून म्हणाले, "थांब, बाळाचा हप्ता भरतो." बाहेरून कुजबुज आली, "चिमणे, लवकर! माझं शेण वाहून चाललंय!" हे सांगताना बाबांना हसू आवरत नव्हतं, आणि मलाही.

अशा खेळांना मी किरकोळ समजत नाही. अमेरिकेत स्टीव्हन वोलिन, लिंडा बेनेट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दारूचं व्यसन असलेल्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऐन व्यसनाच्या काळातही ज्या घरांनी जेवणं, सणवार अशा आपल्या प्रथा सांभाळल्या, तिथे व्यसन पुढच्या पिढीत कमी उतरलेलं दिसलं.

तुमच्या घरी असं झालं असेल तर आधी प्रेक्षक काढा: व्हिडिओ नाही, पाहुण्यांसमोर फर्माईश नाही. खेळ मिनिटभराचाच ठेवा; लांबला की मूल दमून आलेलं असताना ओझं होतो. त्याला अट जोडू नका, "आधी गृहपाठ, मग चिऊ-काऊ" म्हटलं की तो बक्षीस होऊन बसतो. भांडणानंतर माफी मागायची असेल तर सरळ शब्दांत मागा, खेळाच्या आडून नको, नाहीतर पुढच्या वेळी टकटक ऐकली की मुलाला भांडणच आठवेल. धाकटं भावंड जुनाच खेळ मागत असेल तर त्याच्याशी तो वेगळा खेळा, मोठीला त्यात ओढू नका.

मुलाने फक्त हा खेळ सोडला असेल तर काळजी नको. पण मित्रमैत्रिणी, आवडते छंद, जेवण, झोप सगळ्यातूनच ते दोन आठवड्यांहून जास्त काळ मागे सरत असेल, तर खेळाचा विचार बाजूला ठेवा आणि तज्ज्ञांची वेळ घ्या. स्वतःला इजा करण्याबद्दल ते काही बोललं असेल तर त्याच दिवशी.